भोपळ्याच्या चित्राची उजवी मूठ

मी एक जुनी मूठ आहे, चिनी मातीची, पांढऱ्यावर निळ्या रेघांची. क्योतोतल्या एका घरात भोपळ्याच्या वेलीचं रेशमी चित्र आहे. त्याच्या तळाच्या दांडीला डावीकडे माझी बहीण, उजवीकडे मी. चित्राला हात न लावता आम्हाला धरून ते उलगडायचं, गुंडाळायचं.

मित्रांनो, भट्टीची धग मला फारशी आठवत नाही. फुसाएबाईंची बोटं आठवतात. उन्हाळा सरताना त्या चित्र कोनाड्यात लावत, थंडी आली की पेटीत ठेवत. सगळे चित्राचं कौतुक करत. आमच्याकडे कुणी पाहत नसे.

एका वर्षी मी त्यांच्या हातात निखळून आले. त्यांनी मला बाजारातल्या कडक गोंदानं चिकटवलं, जराशी तिरपी.

"आई, गुंडाळी एका अंगाला सरकतेय," त्यांची मुलगी चिझुरू म्हणायची.

"तुझे हातच तिरपे!"

यंदा फुसाएबाई गेल्या. एकोणपन्नासाव्या दिवशी, त्यांच्या श्राद्धाला, हेच चित्र लावायचं चिझुरूनं ठरवलं. उलगडताना रेशमाची कड चुरगळलेली दिसली. ती चित्र घेऊन कुझुमीकाकांकडे आली. चित्रं मढवण्यात त्यांचा जन्म गेला.

"हा गोंदाचा उद्योग कुणाचा?" मला न्याहाळत काकांनी विचारलं.

"आईचा."

"वाटलंच! मूठ अशीच तिरपी राहिली तर पुढच्या वेळी रेशीम फाटेल. काढताना मूठ फुटूही शकते. नवी जोडी लावू?"

"नको," चिझुरू म्हणाली. मग माझ्यावरून एकदा बोट फिरवून, "हीच काढा."

काकांनी ओल्या फडक्याची ऊब दिली, थांबले, पुन्हा दिली. दुपार सरली. मी कशीबशी सुटले, काठाचा एक टवका गमावून. माझ्या पोटातून कॅलेंडरच्या कागदाची घडी पडली. बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं : 'दातांचा डॉक्टर, तीन वाजता.'

चिझुरू हसली. हसता हसता तिनं तोंडावर रुमाल धरला.

काकांनी घडी दांडीच्या टोकाला लावून पाहिली. "मूठ सैल राहू नये म्हणून आत भरलीय. माप अचूक आहे, पोरी. फुसाएसान फक्त गोंदात चुकल्या."

त्यांनी तीच घडी आत घातली आणि मला गव्हाच्या खळीनं बसवलं. "मी गेल्यावरही कुणीतरी हे उघडेल," ते म्हणाले. "खळ पाण्यानं सुटते. त्याला त्रास नको."

मित्रांनो, आता मी सरळ आहे. मोडलेलं जरूर जोडा. पण पुढच्या हातांना हळुवार सोडवता येईल, असं जोडा.