मनोलचे दोन कागद

खळीची बादली, झिजलेला ब्रश.

नदीच्या अल्याड एक वस्ती, पल्याड एक. इकडे कुणी शिंकलं तर तिकडे काढा उकळतो.

चाळिसाव्या दिवशी मेलेल्याच्या नावानं वाटायचे शिजवलेले गहू, वर पिठीसाखर.

चौतीस वर्षांचा संसार, आणि हसरा फोटो एकही नाही.

मनोलला जाऊन चाळीस दिवस झाले होते. सकाळीच झ्लातिना रिवाजाप्रमाणे नवऱ्याचे फोटो छापलेले श्रद्धांजलीचे कागद गावभर डकवायला निघाली. बेकरीच्या भिंतीशी आली आणि थबकली. तिथं कागद आधीच लागला होता. मनोलचाच. पण तोंडभर हसणारा. तळाशी एकच नाव : सेव्दा.

"ही पल्याडच्या वस्तीतली शिंपीण ना गं?"

"मला बाई काय ठाऊक," बेकरीवाली दोब्रा पाव रचत म्हणाली, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. "पुलापाशी गेलीय. उरलेले लावतेय."

झ्लातिनानं पुलापाशी तिला गाठलंच.

"कोण गं तू त्याची? कागद छापायला?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत की! लोकांसाठीच लावलायस ना?"

सेव्दानं ओले हात एप्रनला पुसले. "मशीन दुरुस्त करायला यायचा. कॉफी प्यायचा. बसायचा घटकाभर."

"आणि हसायचा?"

"हसायचा."

घटकाभर बसण्याचं झ्लातिनाला काही वाटलं नाही. हसण्यानं मात्र तिच्या काळजात सुई गेली.

"कशाला हसायचा?"

"कशालाही. माझ्या मांजराला. माझ्या टोपीला."

"घरी तर मीठ दे म्हटलं तरी कपाळाला आठ्या," झ्लातिना म्हणाली.

मेलेल्याचा कागद या गावात कुणी फाडत नाही. तो पावसानंच उतरायचा. झ्लातिना बेकरीपाशी परतली. तिनं खळ फासली आणि आपला कागद सेव्दाच्या कागदाच्या खालच्या बाजूला असा डकवला, की त्याच्या वरच्या कडेखाली नेमकं ते नाव झाकलं जावं. हसू तेवढं उघडं राहिलं. मग शाळेच्या फाटकावर, औषधाच्या दुकानाशी, चर्चपाशी, जिथं जिथं तो हसत होता तिथं तिथं. शेवटी पुलावर, सेव्दाच्या डोळ्यांदेखत.

"बघत काय बसलीस? ती कड धर, वारा आहे."

सेव्दानं कड धरली.

चाळीस दिवसांपूर्वी घरच्या अंगणात कोसळताना मनोलनं हाक मारली होती ती झ्लातिनाला. ती वरच्या मजल्यावर चादरी बदलत होती आणि खिडकी बंद होती; हाक तिच्यापर्यंत पोचलीच नाही.