बॉनेटवरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी आहे. माझ्या चारही चाकांना एकदम जोर लावता येतो. ‘लावता यायचा’ असं म्हणायला हवं, पण जुनी सवय जात नाही. माझ्या पाठीमागे ट्रेलर ओढायचा हुक आहे, आणि मागच्या काचेवर आतून एका कुत्रीच्या नाकाचे डाग आहेत. ते डाग कुणी पुसू नयेत एवढीच माझी इच्छा आहे. का, ते सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तिथे आम्ही सगळ्या एकसारख्याच दिसायचो. मला माझी अशी ओळख मिळाली ती नालबंदाच्या दारात. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा हा माणूस. भट्टी, ऐरण, हातोडे, नालांच्या पेट्या असा सगळा जड पसारा तो ट्रेलरमध्ये भरायचा, ट्रेलर माझ्या हुकाला अडकवायचा आणि डोंगरातल्या तबेल्यांकडे निघायचा. चिखलात चाकं रुतली की तो छोटा दांडा ओढायचा. मग माझी पुढची चाकंही कामाला लागायची आणि आम्ही गुरगुरत बाहेर यायचो.

“शाब्बास गं म्हातारे!” असं म्हणून तो माझ्या दारावर थाप मारायचा. तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांची होते. माणूस सोन्यासारखा, पण कुणाला म्हातारी म्हणावं आणि कुणाला नाही, याचा त्याला अजिबात पोच नव्हता.

खिळी त्याला एका तबेल्यात पेंढ्याखाली सापडली. नाल ठोकायच्या खिळ्याएवढं पिल्लू, म्हणून नाव खिळी. पुढे ती चांगली वासराएवढी झाली, पण नाव तेच राहिलं. रोज सकाळी तो मला चालू करायचा आणि दहा मिनिटं तशीच ठेवायचा. डिझेलच्या इंजिनाला नीट जागं होऊ द्यावं, लगेच पळवू नये, असं त्याचं म्हणणं. तेवढ्या वेळात तो ट्रेलर जोडायचा आणि खिळीचं ताट माझ्या मागच्या भागात ठेवायचा. माझी घरघर आणि खिळीचं जेवण, दोन्ही एकाच वेळी. नऊ वर्षं हा नेम चुकला नाही.

मग एक दिवस तबेल्यातच त्याच्या छातीत कळ आली. त्याला तिथूनच दवाखान्यात नेलं, आणि तो परत आलाच नाही. मला कुणी दुसऱ्यानेच घरी आणलं. खिळी वाटभर त्या परक्या माणसाच्या हाताचा वास घेत होती आणि पुन्हा काचेपाशी जाऊन बसत होती.

त्यानंतर ती माझ्यातून उतरेचना. चार दिवस ताट तसंच पडून राहिलं. नालबंदाची बायको, आमच्या बाई, रोज ताट भरायच्या आणि रोज रिकामं करायच्या. पाचव्या दिवशी त्यांना काय सुचलं कोण जाणे. गाडी चालवायला कधी न शिकलेल्या बाई माझ्या सीटवर बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. मी घरघरले. मागे खिळी उठली आणि तिने ताट चाटूनपुसून साफ केलं. बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या.

तेव्हापासून रोज सकाळी दहा मिनिटं हेच. पण शेजारी राहणाऱ्या दिरांनी एकदा पाहिलं.

“वहिनी, कुत्रीला भरवायला इंजिन चालवता? लोक काय म्हणतील? येडं लागलं म्हणतील.”

“आता नाही हो चालवणार,” बाई खाली मान घालून म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून दीर आंघोळीला गेले की त्या हळूच येऊ लागल्या.

पुढे बाईंना लेकीकडे राहायला जायचं ठरलं. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. मला विकणं भाग होतं. बाईंची अट एकच होती, जो गाडी घेईल त्याने खिळीलाही घ्यायचं. दोघींना वेगळं करायचं नाही. खिळी जगेल की नाही, हे त्या अटीवरच ठरणार होतं. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

पहिला आला तो एक ठेकेदार. त्याने माझा रंग पाहिला, टायरला लाथ मारली, रेडिओ वाजवला. “गाडी झकास आहे. ही कुत्री मात्र खाली उतरवा.” बाईंनी त्याला परत पाठवलं.

मग एक ताई आल्या. टाकून दिलेली कुत्री सांभाळायचं काम त्या करत. पिंजऱ्याचा ट्रेलर ओढत चढावर नेईल आणि मध्येच दगा देणार नाही अशी गाडी त्यांना हवी होती. त्यांच्या हातात विजेरी होती आणि काखेत जुनी चादर, माझ्या खाली झोपून तपासायला. माझा जीव सुपाएवढा झाला. गाडीतलं कळणारं माणूस आलं होतं! त्यांनी आधी खिळीच्या कानामागे खाजवलं.

“हीसुद्धा यायची आहे? येऊ दे की. चार आहेत, त्यात पाचवी.”

बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात ताईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

मित्रांनो, जुनी डिझेल गाडी घेताना इंजिन थंड असलेलं पाहायचं असतं. आजारी इंजिन थंड असताना लवकर सुरू होत नाही. लबाड विकणारे ते आधीच तापवून ठेवतात. ताई एकदा अशा फसल्या होत्या.

“गाडी तापवून ठेवलीत,” त्या म्हणाल्या.

“छे छे!” दीर मध्येच बोलले. “महिनाभरात कुणी हातसुद्धा लावला नाही. उन्हाने तापलं असेल.”

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आणि आभाळ तर भरून आलेलं होतं. ताईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दिरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या इंजिनात आजही जीव असता, तर तो मी त्या एका वाक्यासाठी दिला असता. ताईंनी चादरीची घडी उलगडलीच नाही, त्या तशाच निघून गेल्या.

बाईंचा लेकीकडे जायचा दिवस आला, दुसरं गिऱ्हाईक मिळेना, म्हणून दिरांनी ठेकेदारालाच पुन्हा बोलावलं. मी त्याच्याकडे गेले, खिळी दिरांच्या दारात राहिली. खिळीला दोघांनी धरून उतरवलं. तिने माझ्या मागच्या फळीवर नखं रुतवली होती, ते ओरखडे अजून आहेत. ठेकेदाराने ट्रेलरवर विटांचा डोंगर रचला. रेडिएटरमधलं पाणी गळत होतं, ते कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात चढावर माझं इंजिन जाम झालं आणि मी या भंगाराच्या आवारात आले.

परवा सकाळी ताई आल्या. सोबत बाई होत्या, आणि ताईंच्या हातांवर खिळी. केवढीशी झाली होती ती! दिरांनीच तिला ताईंकडे पोचवलं होतं, खात नाही म्हणून. मग ताईंनी बाईंना गाठलं होतं.

“तेव्हा हिच्यासाठीच चालू केली होती हो,” बाई म्हणाल्या. “भावोजी समोर होते. लाज वाटली.”

“मी तरी कुठे विचारलं, काकू.”

त्यांनी खिळीला माझ्या मागच्या भागात ठेवलं, जवळ ताट ठेवलं आणि किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक. खिळीने मान उचलली आणि वाट पाहू लागली. मी सगळा जीव एकवटला, पण माझ्यात काहीच उरलं नव्हतं.

तेव्हा बाई माझ्या सीटवर बसल्या आणि तोंडाने माझा आवाज काढू लागल्या. घर्र, घर्र, घर्र. भंगारवाले हातातलं काम टाकून पाहत राहिले. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या मोठमोठ्याने घरघरत राहिल्या.

खिळीने एक घास खाल्ला. मग काचेला नाक लावलं, आणि तिथेच माझ्या फळीवर आडवी झाली. ती पुन्हा उठली नाही.

जाताना ताईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. या वेळी ते थंड होतं.

मित्रांनो, जुनी गाडी घेताना बॉनेटला हात जरूर लावा. ते गरम लागलं तर निघून जाण्याआधी ‘का?’ असं एकदा विचारा. आणि कुणावर माया करत असाल, तर ते चारचौघांत सांगायला लाजू नका. बाईंना ती लाज टाकायला एक महिना उशीर झाला.

उद्या मला तोडणार आहेत. काच तेवढी जपून काढा.