माझ्या पाठीवरची भुरी

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. एकसष्ट पट्ट्या, काही पिवळ्या पडलेल्या, आणि पाठीवर मांजरीचे केस.

घडलो परदेशात, पण वाजलो वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला. प्रफुलभाऊंच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं लग्नं लावली. माझ्यात शंभर वाद्यांचे आवाज आहेत. लोकांनी सनईखेरीज काही मागितलं नाही. पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला. प्रफुलभाऊंनी मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि तिला स्टुडिओ म्हणू लागले. भजनी मंडळं येत, खोकत, रेकॉर्ड होऊन जात.

तिथंच भुरी आली. करडी मांजर. मी तासभर चालू राहिलो की माझी पाठ तापते; ती नेमकी तिथं झोपे. प्रफुलभाऊंची नवी चाल ऐकायला तेवढी एकच असे. चाल पडेल असली, की उठून जाई. इतकं खरं मत त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं.

यंदा दसरा झाला आणि माझी मधल्या 'सा'ची पट्टी अडकली. दाबली की वर येईना. सूर भोंग्यासारखा चालूच.

"म्या सांगतलं होतं," प्रफुलभाऊंच्या आई मंदाबाई म्हणाल्या, "मांजरीले मशीनवर बसू देऊ नको म्हून. केसं गेले आत. सोडून ये तिले."

प्रफुलभाऊंनी आईपुढे कधी वरचा सूर लावला नाही. भुरीला पिशवीत घालून वडनेरला बहिणीच्या शेतावर सोडून आले. मग आठवडाभर माझ्यावरचं कापडही उचललं नाही.

शेवटी नागसेन मेकॅनिक आला. त्याने मला उघडलं आणि पट्टीखालून चिमट्याने सात तांदूळ काढले. कुंकू लावलेले.

"मावशी, मांजर अक्षता वाह्यते काय वो?"

"मंग दसऱ्याले मशीनची पूजा नाई करायची काय?"

"करा नं. पन वरून करा. तुमची तं पार आत पोचली."

मंदाबाईंनी पदर सारखा केला. मग मुलाकडे वळल्या. "तू काऊन बसला असा? जाय, आन तिले."

प्रफुलभाऊ गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परतले. भुरी कापसाच्या ढिगावर बसली होती. हाक ऐकून तिने डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला नेलं. मंदाबाईही आल्या. शेतावरच्या ओसरीत माझी वायर जोडली. प्रफुलभाऊंनी 'सा' दाबला, सोडला. सूर थांबला. भुरी हलली नाही. ते वाजवत राहिले. तासाभराने माझी पाठ तापली, तेव्हा ती ढिगावरून उतरली, मला हुंगलं आणि चढून बसली.

"घरी चाल, माय," मंदाबाई म्हणाल्या. "चुकलंच माह्यं."

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण कापड घालून. कुणाला घराबाहेर काढण्याआधी एकदा झाकण उघडून पाहा. आणि पाठीवर कुणी झोपलं असेल, तर बटण बंद करायची घाई करू नका.