उजव्या बाजूचा नग

थांबा, चहा राहू द्या, आधी ऐका. रागिणी, तू तर बोलूच नको. तूच म्हटलं होतं ना, पिंकीच्या बाबाची गाडी भंगारातच जाते म्हणून? तर ऐक.

शुक्रवारी मी अन् बाबा गेलो आरटीओत. गाडी तुमाले माहीतच आहे, लाल, दोनच सीटा, वरून उघडी, पंचवीस वर्षांची. बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला. बाबानं झेडपीच्या शाळेत जिंदगीभर गणित शिकवलं, ना पान ना विडी, एवढा एकच शौक केला. रजिस्ट्रेशन सोमवारी संपून राहिलं होतं. साहेबानं समोरच्या बोनेटवर दोन्ही हात ठेवून दाबलं अन् सोडलं. गाडी वर-खाली, वर-खाली, थांबतच नाही! साहेब म्हणे, "सर, समोरचे दोन्ही शॉकअप मेलेत. सोमवारी दुपारपर्यंत बदलून आणा, नाही तर सही होत नाही."

अन् बाबानं आईले आधीच शब्द देऊन ठेवला होता, का या खेपेला सही नाही झाली तर मी सोताच भंगारवाल्याले बोलावीन. आईनं तर गाडी गेल्यावर अंगणात कुंड्या कुठं ठेवायच्या तेबी ठरवून टाकलं होतं.

अमरावतीत सामान भेटत नाही. आपले नितेशभाऊ मिस्त्री म्हणे, "काय्‌ले टेन्शन घेता सर? नग काढायचा, नग दाखवायचा, नग आणायचा." सगळे असंच करतात ना? दुकानदाराले गाडीचं नाव सांगायचंच नाही, जुना नग समोर ठेवायचा. भाऊनं उजव्या बाजूचा शॉकअप खोलला, पोत्यात घातला, अन् मी निघाली एसटीनं अकोल्याले. पोत्यातून तेल गळून राहिलं, बाजूची बाई म्हणे, "काय वं पोरी, लोणचं आहे का?"

अकोल्यात ओमप्रकाशसेठचं जुन्या पार्टचं दुकान. त्यायनं नग पाहिला, काही विचारलं नाही, आत गेले अन् सेम टू सेम जोडी काढून आणली. एका जुन्या व्हॅनची. मी तर नाचतच परत आली!

शनिवारी सकाळी नितेशभाऊनं दोन्हीकडं बसवले. नट-बोल्ट लोण्यात सुरी जावी तसे गेले. दाबलं, गाडी एकदा खाली, एकदा वर, बस. बाबा मले म्हणे, "बस, बडनेऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

पुलावरून उतरताना रस्ता खचलेला आहे ना? डावं चाक त्यात गेलं अन् धाड्‌! खालून असा आवाज का मले वाटलं चाकच गेलं. स्टेअरिंग बाबाच्या हातातून फिरलं. गाडी डावीकडं ओढून राहिली, तिकडं ट्रक उभा! बाबा ओरडून राहिले, "पाय वर घे, पाय वर घे!" मी काहून पाय वर घेऊ, काय मालूम, पण घेतले. ट्रकच्या फाळक्यापासून इतकूशा जागेत थांबलो. हा माहा हात पाहा, एवढीच जागा.

बाबानं चाबी फिरवून गाडी बंद केली. मंग म्हणे, "पिंके, आईले सांगू नको."

नितेशभाऊ जॅक घेऊन आले. पाहते तर डाव्या बाजूची स्प्रिंग आपल्या बसायच्या वाटीतून निघून टायरले घासलेली. उजवी एकदम जाग्यावर. आता सामान सारखं, बसवणारा माणूस एक, मंग एकच बाजू कशी जाते? माह्या डोक्यात काय आलं काय माहीत, डिक्कीत डाव्या बाजूचा जुना शॉकअप पडला होता, तो काढला. जुना उजवा तर सेठकडंच राहिला होता, पण त्यायनं देलेल्या बिलाच्या चिठ्ठीवर मी त्याचं माप लिहून ठेवलं होतं. दोन बोटांचा फरक! उजवा लांब, डावा आखूड.

बाबानं तठीच पुलाखाली उभं राहून शेंदूरजनाघाटले फोन लावला. गाडी आमी ज्यायच्याकडून घेतली ते खुशालराव, संत्र्याचे व्यापारी. ते हसून राहिले. "हौ ना गुरुजी, बगीच्याच्या धुऱ्याबांधावरून गाडी एकदा नालीत गेली होती. उजवीकडचा शॉकअप तुटला. आमच्या मिस्त्रीनं कोण्या व्हॅनचा होता तो ठोकून देला. स्प्रिंग ढिली पडे म्हणून रबराचा गुटका कोंबला. मस्त चालली का नाही?"

समजलं का? आमी ज्याले नमुना समजून एसटीत मांडीवर घेऊन गेलो, तोच नग चुकीचा होता! उजवीकडं गुटका होता म्हणून स्प्रिंग दाबून राहिली. डावीकडं शॉकअप तेवढाच लांब, पण गुटकाच नाही, चाक लोंबलं का स्प्रिंग मोकळी.

नितेशभाऊचं तोंड पाहण्यासारखं झालं. "सर, मी गुटका पाहिला होता. मले वाटलं कंपनीचाच असन."

बाबा म्हणे, "चूक माही. मी पोरायले सांगत होतो, पहिलं उत्तर तपासल्याशिवाय दुसरं गणित मांडू नका."

रविवारी सेठनं आमच्यासाठी दुकान उघडलं. मी परत अकोल्याले जाऊन डावा नग समोर ठेवला. ते म्हणे, "बेटा, अब ये सच्चा है, कशावरून? नग पाहू नको. गाडी मोज."

तर व्हिडिओ कॉल! अमरावतीत गाडी जॅकवर, नितेशभाऊ खाली पालथे, बाबा शाळेतला स्टीलचा स्केल घेऊन गुडघ्यावर, अन् मी अकोल्यात आकडे लिहून राहिली. चाक पूर्ण लोंबलं तर किती, पूर्ण वर दाबलं तर किती, बोल्टच्या दोन भोकांत किती, स्प्रिंगची वाटी किती. बाबा प्रत्येक आकडा दोनदा मोजत. भाऊ खालून, "सर, मान मोडली माही!"

सेठकडं दोनच जोड्या निघाल्या. पहिलीची लांबी बरोबर, स्प्रिंग जुनीच चालते, गाडीची उंची तेवढीच राहते. पण भोकं तीन मिलीमीटर सरकलेली. दुसरीची लांबीबी बरोबर, भोकंबी बरोबर, पण वाटी मोठी. तिच्यासंगं तिचीच स्प्रिंग घ्या लागते, अन् गाडी एक बोट उंच बसते.

नितेशभाऊ म्हणे, "पहिली आण. भोकं मी कानसनं वाढवून घेतो. साहेबाले दिसतबी नाही. उंच गाडी तर लगेच नजरेत येते, अन् सही नाही केली तर?"

मले ट्रकचा फाळका दिसून राहिला. वाढवलेल्या भोकात बोल्ट सरकला तर चाक कुठं जाईन? सेठले विचारलं, तर ते पेन ठेवून म्हणे, "मी विकीन दोन्ही. बसणार तू आहेस."

मी म्हटलं, "बाबा, दुसरी."

बाबानं दुसरीचे आकडे मले परत वाचायले लावले. त्यायले अंगणातल्या कुंड्या दिसत असन. मंग म्हणे, "आण."

काल सोमवार. साहेबानं दाबलं. एकदा खाली, वर, थांबली. मी श्वास सोडलाच होता का साहेब मागं सरकून डोळे बारीक करून पाहू लागले. "सर, गाडी उंच झाली काय?"

भाऊनं माह्याकडं असं पाहिलं का, सांगितलं होतं ना. पण बाबानं सारं सांगितलं, व्हॅनचा नग, गुटका, पूल, मापाचा कागदबी पुढं धरला. साहेब खाली वाकले, टॉर्च मारून प्रत्येक बोल्ट पाहिला. मंग सोता चालवून आले, स्पीडब्रेकरवरून दोनदा. वारं घेत परत आले, केस उभे झालेले, पण तोंडावर काहीच नाही!

मंग म्हणे, "गाडीचा पुढा वर उठला तर लाइट समोरच्याच्या डोळ्यात जाते. ते खाली करा, मंग सही."

बस, लाइटचे दोन स्क्रू! बाबानं स्क्रूड्रायव्हर घेतला अन् माह्यापुढं धरला. भाऊ पुढं झाले तर बाबानं त्यायले अडवलं.

"पिंकी करते," म्हणे.

मी बसली भिंतीसमोर उकिडवी, लाइटचा गोळा एक-एक फेरा खाली आणत, अन् माह्या मागं साहेबानं पेनाचं टोपण काढलं.