शेपूट नसलेली सही

आमच्या बैठकीच्या खोलीत एक मंत्री राहतात. काळ्यापांढऱ्या फोटोत ते भाषणाला उभे आहेत, तोंड उघडं, एक हात वर. उजव्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझ्या सासऱ्यांचं.

लग्न होऊन आले त्या दिवशी मला स्वयंपाकघराच्याही आधी ते कोपर दाखवण्यात आलं. फोटो काढला त्या काळी बाबांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. सभेत माइकच्या स्टँडचा स्क्रू ढिला निघाला, म्हणून अख्खं भाषणभर ते स्टँड धरून उभे होते. महिन्याभराने मंत्री परत आले, तेव्हा बाबा फोटो घेऊन भेटायला गेले. "मला टेबलाशी समोर बसवलं, चहा मागवला आणि खिशातलं शाईपेन काढून सही केली!" ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या खोलीचे पडदेही मला दिसतात. दर खेपेला तिच्यात काहीतरी वाढतं. मागच्या वेळी चहाबरोबर बिस्किटं आली. गोष्ट सुरू झाली की सासूबाई उठून स्वयंपाकघरात जातात.

गोष्ट अशीच सुखाने वाढत राहिली असती, पण वाचनालयाने जुन्या फोटोंचं प्रदर्शन काढलं. निवृत्त पोस्टमास्तर म्हणजे बाबांचे पन्नास वर्षांचे मित्र आणि तितक्याच वर्षांचे वैरी. ते चारचौघांत म्हणाले, "लाव की तुझाही फोटो. फक्त ती सही तूच ठोकलीयस, असा मला पहिल्यापासून संशय आहे."

बाबा घरी आले ते तडक फ्रेम उतरवून माझ्यापुढे उभे. मी जुन्या कागदांवरच्या सह्या तपासणाऱ्या कचेरीत आहे. लेक झाल्यापासून काम घरी आणते. ती, म्हणजे आमची सव्वा वर्षाची ठकी, दुपारी झोपली की भिंग बाहेर काढते.

"सूनबाई, लेखी दे. शिक्क्यानिशी. त्याच्या नाकावर टिच्चून वाचतो."

"आणि खोटी निघाली तर?"

"निघेलच कशी? मी समोर बसलो होतो!"

आमच्या साहेबांनी मंत्र्यांच्या सहीची चार अस्सल पत्रं दिली आणि बजावलं, "घरचं काम आहे, तेव्हा दुप्पट कडक बघ."

ठकी झोपल्यावर बघितलं. अक्षरांची वळणं तंतोतंत जुळत होती. पण रेघ जागोजागी तुटलेली, जणू कोणी नमुना समोर ठेवून, थांबत थांबत उतरवली असावी. आमच्या धंद्यात याहून वाईट लक्षण नाही. शिवाय चारही पत्रांत मंत्री सहीखाली लांब रेघ मारून शेवटी तिला वर गळासारखा बाक देत. फोटोवरची रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली आणि संपली. सहीला शेपूटच नव्हतं.

मी दोन दिवस गप्प बसले. बाबा तासातासाला माझ्या टेबलाजवळून जात आणि "मला काही घाई नाही हं" असं सांगून जात. तिसऱ्या दिवशी बोलावंच लागलं. सासूबाई ठकीला भरवत होत्या.

"बाबा, मला ही खरी आहे असं लिहिता येणार नाही. टेबलावर निवांत केलेली सही इतकी अडखळत नाही."

बाबा मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे सगळ्यांसमोर तो पोस्टमास्तर खरा आणि मी लबाड?"

"टेबल?" सासूबाईंचा चमचा हवेतच थांबला. "कुठलं टेबल?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी कशाला बोलतेय? माझा स्वेटर बोलेल."

"कुठला स्वेटर, आई?" मी विचारलं. बाबा एकाएकी ठकीचं तोंड पुसण्यात गढून गेले. ते स्वच्छ होतं.

सासूबाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पिशवी काढली. आत मोतिया रंगाचा स्वेटर, उभ्या जाड पट्ट्यांच्या विणीचा. "लग्नानंतर यांच्यासाठी विणलेला पहिला. दुसऱ्यांदा अंगात घातला आणि पाठीवर शाई घेऊन आले! आठ दिवस मी तोंड उघडलं नाही."

पाठीवर, धुऊन धुऊन फिकी झालेली, बोटभर निळी रेघ होती. टोकाला वर उचललेला बाक.

मी फोटो आणून स्वेटरवर ठेवला. रेघ कागदावरून उतरली आणि लोकरीवर पुढे चालू लागली. तुटलेल्या जागा पट्टीने मोजल्या. विणीच्या पट्टीवर पेन टेकलं होतं, खाचेवर सुटलं होतं. अंतर अगदी तेच.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हीच टेबल होतात?"

ते ठकीकडे बघत म्हणाले, "गाडीत बसतच होते ते. म्हणाले, जरा वाक रे. वाकलो. सरळ होईपर्यंत गाडी गेलेली. माझं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्यांनी."

"आणि चहा?"

"घरी येऊन प्यालो."

"स्वतःच करून," सासूबाई म्हणाल्या. "मी बोलत नव्हते ना."

मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. तरी सांगितलं, "शिक्क्याच्या कागदावर कारण द्यावं लागेल, बाबा. टेबल ठेवलंत तर सही जाईल. सही हवी तर टेबल सोडा."

"तो मेला मला जन्मभर टेबल म्हणेल."

"म्हणू दे," सासूबाई म्हणाल्या. "लबाड तर नाही ना म्हणणार?"

बाबांनी फोटोतल्या आपल्या कोपराकडे पाहिलं. "बिस्किटं तरी राहू देतेस?"

"नाही."

"बरं. लिही."

साहेबांनी स्वतः तपासून शिक्का मारला. वाचनालयात आता फोटो आहे आणि शेजारी पाठमोरा टांगलेला स्वेटर. मंत्र्यांकडे कोणी फारसं बघत नाही. बायका वीण बघतात आणि सासूबाई तिथेच उभं राहून टाके समजावतात. पोस्टमास्तरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काय टेबल, येतोस का चहाला?"

बाबा गेले. बिस्किटं पोस्टमास्तरांनीच मागवली म्हणे.

हे लिहितेय तेव्हा ते बैठकीत ओणवे आहेत आणि ठकी त्यांच्या पाठीवर कागद ठेवून खडूने काहीबाही ओढतेय. अर्धं कागदावर, अर्धं सदऱ्यावर. ते जराही हलत नाहीत. सासूबाईंनी नवा स्वेटर विणायला घेतलाय. या खेपेला गडद रंगाचा.