मायसाठी आणलेली मशीन

आमचा सोनाजी अमेरिकेहून निघाला तेव्हा त्याच्या सामानात ना कुणासाठी घड्याळ होतं, ना कापडचोपड. वजनात बसेना म्हणून सगळं तिथंच ठेवलं पठ्ठ्यानं. आणला काय, तर कॉम्प्युटर! टीव्हीसारखी काच, तिच्याखाली टाइपरायटरसारखी बटणं, सगळं एकाच पत्र्याच्या पेटीत. एकट्यानं उचलायची म्हटली तर कंबर धरावी. १९७९चा उन्हाळा तो. वसमतमध्ये असली वस्तू कुणी पाहिली नव्हती, आणि मी तर तिचं नाव पहिल्यांदा सोनाजीच्या पत्रातच वाचलं.

ती पेटी मायसाठी होती. मायला अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तिचं करायला मी हट्ट्याहून, सासरहून, माहेरी येऊन राहिले होते. जन्मभर घर डोक्यावर घेणारी बाई मुकी झाली, हे मला बघवत नव्हतं. विहारात बायकांचा वर्ग निघाला तेव्हा उतारवयात ती अक्षरं शिकली होती. मग बाजारात जाताना दुकानांच्या पाट्या मोठमोठ्यानं वाचत चालायची, आणि आम्ही पोरं लाजेनं दहा पावलं मागं राहायचो.

सोनाजीनं लिहिलं होतं, 'आक्का, मायच्या डाव्या हाताचं एक बोट तरी चालतंय ना? मग झालं. मी मशीनवर ठिपक्याठिपक्यांनी मराठी अक्षरं काढलीत. तिनं बटण दाबलं की काचेवर वाक्य उमटेल. माय पुन्हा बोलेल.' पत्र मी मायला वाचून दाखवलं. ती अर्ध्या तोंडानं हसली. यंत्राला नव्हे, पोरगं येणार म्हणून.

तो विमानात बसला आणि इकडं मायच्या छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. त्याच दुपारी हळदीचे व्यापारी खाजा मिया सायकल मारत आमच्या वडलांकडं, आबांकडं आले. आमच्या आळीला त्यांच्याच दुकानातला फोन.

"भिवाजी, जल्दी चला. बंबईहून पोराचा फोन हाय."

आबा पुढं, मी मागं. आबांनी फोन कानाला लावला, मी त्यांच्या खांद्याला खेटून ऐकत उभी राहिले.

"आबा, मी मुंबईत उतरलो. पण विमान बदलताना पेटी मागं राहिली. उद्या येईल म्हणतात. थांबू का तसाच निघू? माय कशी हाय?"

आबा दबक्या आवाजात म्हणाले, "बरी हाय. पेटी घेऊनच ये. सावकाश ये."

मी त्यांचा हात ओढला. त्यांनी फोनवर पंजा दाबून धरला आणि माझ्यावरच खेकसले, "काहून वढून राहिलीस? वाटंवरल्या मानसाला असलं सांगत्यात का? एकटं लेकरू, परक्या शहरात!"

मी फोन हिसकावून घेईपर्यंत लाइन तुटली. उलट लावायला नंबर नव्हता. तो कुठं उतरलाय तेही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं ही रीतच आहे. वाटेतल्या माणसाला वाईट कळवायचं नाही. दारात आला की अंगणातली माणसं बघून त्याचं तो समजतो. इथला कुणीही बापाचा तो आवाज ऐकून अनवाणी धावत सुटला असता. पण सोनाजी इतकी वर्षं तिकडं राहिला, जिथं असेल ते तोंडावर सांगतात. त्यानं बापाचा शब्द खरा धरला आणि मुंबईत पेटीची वाट बघत बसला. राग तरी कुणाचा करायचा? मी दोघांचाही केला, मनसोक्त केला, आणि एकाचाही धड टिकला नाही.

माय डावा हात उचलून दाराकडं करायची. मी म्हणायची, "येऊन राहिला माय, निघालाय." हात खाली जायचा. जरा वेळानं पुन्हा वर. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी उजाडताना तो हात अंथरुणावरून उठलाच नाही.

उन्हाचे दिवस. थांबायचं तर किती, कुणाच्या भरवशावर? दुपारी मायला नेलं.

संध्याकाळी सोनाजी एसटीतून उतरला. स्टँडवरून हातगाडी केली आणि पेटीला धक्का लागू नये म्हणून स्वतःच एका बाजूनं धरून चालत आला. अंगणात बसलेली माणसं दिसली तसा जागीच थांबला.

"आबा," तो म्हणाला, "तुमी तर बरी हाय म्हणला होता."

"व्हय रे लेकरा," आबा म्हणाले. "म्हणलो होतो."

सोनाजी बापाच्या गळ्यात पडून रडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता गाडीची दांडी धरून उभा राहिला. शेवटी खाजा मियांनी त्याची बोटं सोडवली.

पेटी दोन-तीन दिवस तशीच पडून होती. पाहुणे पांगल्यावर आबाच म्हणाले, "उघड ती. तिच्यासाठी आणलीस न्हवं? बघू तर दे."

सोनाजीनं जोडणी केली. काचेवर हिरवी अक्षरं उमटली. तो एकेक बटण दाबत गेला आणि आबांना वाचता येत नाही म्हणून मी वाचत गेले. पानी दे. कूस बदल. पाठ लई दुखती. दिवा मालव. सगळं मायच्याच बोलीत लिहिलं होतं वेड्यानं.

आबा मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "तिनं इचारलं ते हाय का याच्यात?"

सोनाजीनं वर बघितलं. "काय इचारलं?"

"सोनाजी आला का, म्हून. जाईस्तोवर दाराकडं हात करून तेवढंच इचारीत व्हती."

सोनाजीनं एकेक अक्षर जुळवायला घेतलं. फार वेळ लागला. काचेवर ओळ पुरी झाली तेव्हा ती मी वाचली.

"सोनाजी आला का?"

आबा पुढं सरकले आणि त्यांनी काचेवर हात ठेवला.

"आला गं," ते म्हणाले. "आला तुहा सोनाजी."