बर्फावरून निवडलेला प्लॉट

आमच्या भागात तोंडावर कुणी कुणाला "तू चुकतोयस" असं म्हणत नाही. घराला आग लागली तरी शेजारी येऊन आधी हवापाण्याचं बोलेल, मग म्हणेल, "धूर जरा जास्तच दिसतोय." मीही जन्मभर हीच रीत पाळली. त्यामुळे तळ्याकाठचा प्लॉट घेताना मला कुणी अडवलं नाही, असा दोष मी गावाला देणार नाही. उलट प्रत्येकानं आपापल्या परीनं सांगितलं होतं. ऐकणारा मी होतो, तिथे त्यांचा इलाज नव्हता.

मी आयुष्यभर रस्ते केले. मिनेसोटाच्या उत्तरेला डांबर फक्त उन्हाळ्यात पडतं. हिवाळ्यात जमीन लोखंडासारखी गोठलेली असते. म्हणजे उन्हाळाभर उजाडल्यापासून अंधारेपर्यंत मी रोलरवर, आणि हिवाळाभर घरी रिकामा. रिकामा पुरुष घरात पायात येतो म्हणून बायका आम्हाला तळ्यावर हाकलतात. तळं गोठलं की त्यावर ट्रक घालायचा, मागून लाकडी खोपी ओढत न्यायची, गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि भोकाकडे बघत बसायचं. माझ्या समोरच्या उपड्या बादलीवर माझा दोस्त टॉइवो. आम्ही दोघांनी जवळजवळ चाळीस हिवाळे असे घालवले. बोलणं एका हिवाळ्याचं झालं असेल.

स्पून लेक मला तळहातासारखं ठाऊक होतं. नावाप्रमाणे चमच्यासारखं तळं. कुठे खोल, कुठे खडक, वॉलाय मासा संध्याकाळी कुठून येतो, सगळं सांगू शकलो असतो. फक्त ते पातळ असताना मी कधी पाहिलं नव्हतं.

माझी बायको आर्डिस. गावातल्या आमच्या घरात भांडी घासायच्या बेसिनवर एक खिडकी होती आणि खिडकीसमोर धान्याच्या गोदामाची पत्र्याची भिंत. त्या भिंतीकडे बघत तिनं तीन पोरं वाढवली. मी कामावरून निवृत्त झालो तेव्हा तिला म्हटलं, तुझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, घर विकू, एक कॅम्पर घेऊ, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि स्पून लेकच्या रिसॉर्टमध्ये काठावर स्वतःचा प्लॉट घेऊन राहू. हिवाळ्यात रिसॉर्ट बंद असतं, तेव्हा टॉइवोच्या घरातल्या खालच्या खोल्या आहेतच. तिनं बराच विचार केला आणि एकच अट घातली.

"भांडी घासताना समोर पाणी दिसलं पाहिजे. भिंत पुष्कळ पाहिली."

"दिसेल," मी म्हणालो.

रिसॉर्ट गर्टी स्वेनबी नावाच्या बाईचं. नवरा गेल्यावर तिनं प्लॉट विकायला काढले होते. फेब्रुवारीत मी ते बघायला गेलो, तेही रस्त्यानं नाही. खोपीतून निघालो आणि बर्फावरून सरळ काठाला ट्रक लावला. चमच्याच्या दांड्याच्या टोकाला एक प्लॉट होता. समोर पांढरं सपाट मैदान, थेट पलीकडच्या काठापर्यंत, मध्ये काडीचा अडथळा नाही. त्यात भाव बाकीच्या प्लॉटांपेक्षा कमी. मला वाटलं, बाईला व्यवहार कळत नाही.

गर्टीबाई हातमोजे एकमेकांवर चोळत म्हणाली, "या टोकाला शांतता असते."

"शांतताच हवी आहे."

"बोटींचा त्रास नाही."

"उत्तम."

"काही लोकांना आवडतं," ती म्हणाली.

आमच्याकडे धोक्याची घंटा याहून मोठ्यानं वाजत नाही. पण मी मनात कॅम्पर कुठे उभा करायचा ते ठरवत होतो.

टॉइवोनंही प्रयत्न केला. खोपीत, भोकाकडे बघत, त्यानं विचारलं, "उन्हाळ्यात एकदा बघून घेणार असशील ना?"

मी म्हटलं, "का? उन्हाळ्यात तळं गाव सोडून जातं का?"

"नाही," तो म्हणाला. "तळं तिथेच असतं." आणि त्यानं गळ जरा हलवला.

आर्डिसला मी म्हटलं होतं, ये बघायला. ती म्हणाली, बर्फावर मी पाय ठेवत नाही, तुला तळं ठाऊक आहे ना? मी म्हटलं, डोळे मिटून. ते अगदी खरं निघालं.

कागद करायच्या दिवशी मी फुशारकीनं नुसता फुगलो होतो. अक्षरं मी साठीच्या आसपास शिकलो, गावच्या वाचनालयातल्या बाईंकडून. तोवर घरातला प्रत्येक कागद आर्डिस वाचून दाखवायची. हा खरेदीचा कागद मी एकट्यानं, बोट ठेवून, शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. वकिलाची कॉफी निवली, पण मी एकही ओळ सोडली नाही. कागदात काहीच खोट नव्हती. शब्द न् शब्द तपासला आणि जमीन तपासायची राहिली.

जूनमध्ये आम्ही घराच्या किल्ल्या नव्या मालकाला दिल्या, कॅम्पर गाडीला जोडला आणि निघालो. आर्डिसनं मांडीवर तिच्या आईची निळ्या फुलांची बशी धरली होती, ती सामानात ठेवायची तिची तयारी नव्हती. मी वळण घेऊन प्लॉटवर गाडी उभी केली.

समोर पाणकणसं होती. माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच, एकाला एक लागून, प्लॉटच्या कडेपासून सुरू होऊन नजर जाईल तिथवर. हिवाळ्यात बर्फाच्या भारानं ती आडवी होतात, वरून आणखी बर्फ पडतं आणि सगळं तळ्यासारखंच दिसतं. फेब्रुवारीत मी त्यांच्याच पाठीवरून ट्रक हाकत आलो होतो. पाणी होतं, नाही असं नाही. पण ते त्या रानाच्या पलीकडे होतं. वारा आला की त्याचा आवाज यायचा.

आर्डिस उतरली. बशी छातीशी धरून प्लॉटच्या कडेपर्यंत चालत गेली.

"वेगळं आहे," ती म्हणाली.

चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं माझ्यासाठी एकदाच वापरला होता, मी स्वतःच्या हातानं स्वतःचे केस कापले तेव्हा. मग कॅम्परमध्ये शिरून तिनं बेसिनवरच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. रात्रीच्या जेवणाला खिमा आणि बटाट्याचा हॉटडिश होता, भट्टीतून काढलेला, कडेनं करपलेला. करपलेली कड मला वाढत तिनं सांगितलं की डुलुथला तिची बहीण लव्हॉन एकटीच असते, आणि लव्हॉनच्या स्वयंपाकघरातून सुपीरियर तळं दिसतं, समुद्राएवढं.

"सप्टेंबरात शाळा सुरू होतात, तोवर बघते," ती म्हणाली. "मग जाईन म्हणते."

"किती दिवस?"

"ते तिथे गेल्यावर बघू."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या रानाच्या मागे लागलो. आधी सरकारी खात्याचा माणूस आला. मोठा सभ्य गडी. बेडकांना, बदकांना ही जागा कशी लागते ते त्यानं सांगितलं आणि बोट जाईल एवढी एक पट्टी कापायची परवानगी दिली. मी विळा घेऊन उतरलो आणि कमरेपर्यंत चिखलात रुतलो. टॉइवोनं ट्रकच्या दोरानं मला ओढून काढलं. बूट आत राहिले. काढताना तो एवढंच म्हणाला, "इथे बर्फ पातळ आहे, लेका."

तरीही पट्टी कापून झाली. संध्याकाळी आर्डिसला खिडकीशी बोलावलं. रानाच्या फटीतून चमकणारं पाणी तिला दिसलं, आणि तिनं पडदा उघडा ठेवला. सकाळी बघतो तर फट बुजलेली. पाणकणसांची मुळं एकमेकांत गुंतून गालिचासारखी पाण्यावर तरंगतात, आणि वारा फिरला की आख्खा गालिचा सरकतो, हे मला त्या सकाळी कळलं. टॉइवोला आधीपासून माहीत होतं. त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, तू इतका रंगात आला होतास.

मग मी कॅम्परच उचलायचं ठरवलं. जॅक लावला, खाली लाकडाचे ठोकळे रचले, दाराला शिडी लावली. आर्डिसचे गुडघे शिडी बघूनच दुखायला लागले. ती आत भांडी घासायला लागली की घर बोटीसारखं डुलायचं, कपाटातले पेले किणकिणायचे. स्टुलावर उभं राहून मान लांब केली तर रानाच्या शेंड्यावर पाण्याची एक रेघ दिसायची, दोऱ्याएवढी. निळी बशी त्याच डुलण्यात कपाटातून पडली. फुटली नाही, फक्त कडेचा टवका उडाला. आर्डिसनं टवका उचलून रुमालात बांधला. मी ठोकळे काढले.

रिसॉर्टमधले लोक फिरायला म्हणून आमच्या टोकाला येऊ लागले. कुणी हसायचं नाही. येऊन उभे राहायचे, म्हणायचे, शांतता आहे हं. आणि जायचे.

ऑगस्टच्या शेवटी आर्डिसनं पलंगाखालून सूटकेस काढली. मी बाहेर कॅम्परच्या मागे बसून होतो. तिथे माझी खोपी उभी होती, बर्फावर घसरायच्या लाकडी पट्ट्यांवर, हिवाळ्याची वाट बघत. ती मी स्वतः बांधलेली, रस्त्याच्या जुन्या फळ्यांची. एका भिंतीवर अजून "पुढे काम चालू" अशी पाटी आहे. आत दोन बादल्या, पत्र्याची शेगडी, जमिनीत भोकासाठी झाकण, आणि बायकांना न दाखवण्यासारखं एक जुनं कॅलेंडर. चाळीस वर्षांत आर्डिसनं तिच्यात पाऊल टाकलं नव्हतं आणि मी बोलावलंही नव्हतं.

ती हातात घड्या घातलेले कपडे घेऊन बाहेर आली आणि खोपीकडे बघत राहिली.

"ही पाण्यावर तरंगेल का?"

"ही बर्फावरची खोपी आहे," मी म्हणालो.

"बर्फ म्हणजे दुसरं काय असतं, मायलो?"

मी कारणं सांगायला लागलो. लाकूड जुनं आहे, वजन फार आहे, टॉइवोला विचारायला हवं, अर्धी त्याची आहे. ती आत जाऊन ऐकून घेत होती. ऐकता ऐकता एकेक कपडा सूटकेसमध्ये ठेवत होती, दार उघडंच होतं, मला दिसत होतं. तिनं निळी बशी टॉवेलात गुंडाळायला घेतली तेव्हा मी उठलो.

गर्टीबाईच्या शेडमागे एक सपाट बोट पडली होती, खाली दोन पत्र्याची पिंपं असलेली, छत गेलेलं, इंजिन जेमतेम. तिनं ती फुकट दिली. माझ्याकडून काही घ्यायचं तिला जड जात असावं. टॉइवो आला. आम्ही खोपी ओढून बोटीवर चढवली आणि बोल्टनं पक्की केली. कॅलेंडर त्यानं शर्टाखाली घालून नेलं. तरंगेल की नाही यावर त्याला काहीच म्हणायचं नव्हतं, म्हणजे त्याला शंका होती. पण ती तरंगली, थोडी डावीकडे झुकून, माझ्यासारखीच.

आर्डिसनं खोपी आतून साबणानं घासली. भिंत कापून मी मोठी खिडकी बसवली. बादल्यांच्या जागी तिची आरामखुर्ची गेली. मला वाटलं, आता खिडकीखाली छोटं बेसिन हवं, तशी मी मापंही घेतली. तिनं माझ्या हातातली टेप काढून घेतली.

"मला पाणी बघायचं होतं," ती म्हणाली. "भांडी घासायची हौस मला कधी नव्हती. ती तुला ठेवली."

सूटकेस पलंगाखाली परत गेली. लव्हॉनला फोन करून तिनं सांगितलं की आता यायला जमेलसं दिसत नाही, तूच ये, इथे शांतता असते.

आता सकाळी न्याहारी झाली की आर्डिस विणकाम घेऊन रिसॉर्टच्या धक्क्यावर जाते, इंजिन दोनदा शिव्या खाऊन सुरू होतं, आणि ती खोपी घेऊन रानाच्या पलीकडे उघड्या पाण्यात नांगर टाकून बसते. खोपीच्या जमिनीतलं भोक मी बुजवायला निघालो होतो, तिनं बुजवू दिलं नाही. त्यातून गळ सोडते. दाराशी तिनं गाईच्या गळ्यातली घंटा टांगली आहे. एकदा वाजली की गर्टीबाईची होडी वल्हवत कॉफी न्यायची, दोनदा वाजली की मासा लागला.

मी बेसिनपाशी उभा असतो. खिडकीसमोर पाणकणसांची भिंत. एका कणसावर लाल खांद्याचा एक काळा पक्षी बसतो आणि माझ्या ताटं घासण्याकडे बघत राहतो. निळी बशी मी शेवटी घासतो, टवक्याच्या बाजूला बोट ठेवून. परवा टॉइवो आला, त्याला मी फडकं दिलं. दोघं भिंतीकडे बघत भांडी घासत-पुसत होतो. पलीकडून घंटा वाजली, मग परत वाजली.

"दोनदा," टॉइवो म्हणाला.

"ऐकलं मी," मी म्हणालो, आणि पुढची बशी घेतली.